बेवारस कोण?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘बेवारस मृतदेह आढळला’ अशी छोटी बातमी अधूनमधून असते. उंची, बांधा, अंगावरचे कपडे, हातावर गोंदलेले एखादे नाव आणि ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधण्याचे आवाहन. वारिस हा मूळ अरबी शब्द. मराठीत त्याला फारसीचा ‘बे’ लागून बेवारस झाला, उर्दूत अरबीचा ‘ला’ लागून लावारिस. दोन्ही भाषा शिकवताना मी मुलांना त्याचा अर्थ सांगतो, ज्याला वारस नाही तो. पण अमेरिकेतल्या एका मुलाची हकीकत वाचल्यापासून हा अर्थ मला अपुरा वाटू लागला आहे.

२५ फेब्रुवारी १९५७ रोजी फिलाडेल्फिया शहराच्या फॉक्स चेस भागात, रस्त्यालगतच्या झाडीत एक पुठ्ठ्याचे खोके सापडले. बाळाच्या पाळण्याचे ते खोके होते. आत घोंगडीत गुंडाळलेला चार ते सहा वर्षांच्या मुलाचा मृतदेह होता. अंगावर मारहाणीच्या खुणा होत्या. पोट भरलेले नव्हते, केस घाईघाईने कापलेले होते. पोलिसांनी त्याच्या चेहऱ्याचे फोटो छापून शहरभर लावले, गॅसच्या बिलांसोबत घरोघर पाठवले. खोके कोणत्या दुकानातले, टोपी कोणी शिवलेली, तेही शोधले. बोटांचे आणि तळव्यांचे ठसे घेतले. मूल आपले आहे, असे सांगायला कोणी आले नाही. शेवटी सरकारी दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

रेमिंग्टन ब्रिस्टो नावाचे शवचिकित्सा कार्यालयातील एक तपासनीस १९९३ मध्ये मरेपर्यंत या मुलाचे नाव शोधत राहिले. १९९८ मध्ये कबर उघडून दातातून डीएनए काढण्यात आला. तो आईकडून येणारा डीएनए होता. तो पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तसाच राहतो, त्यामुळे असंख्य लोकांत सारखाच आढळतो. एखादी बाई ‘ही माझ्या बहिणीची लेकरू’ म्हणत पुढे आली, तर तिचा दावा त्यावरून तपासता येतो. पण कोणी पुढेच आले नाही, तर त्यातून घर सापडत नाही. मुलाला आयव्ही हिल दफनभूमीत पुन्हा पुरले आणि दगडावर ‘अमेरिकेचे अज्ञात बालक’ असे कोरले.

पोलिसांच्या नेहमीच्या डीएनए चाचणीत वीसेक जागा तपासतात. ती व्यक्ती स्वतः किंवा तिचे आईवडील, भावंडे नोंदीत असतील तरच तिचा उपयोग. वंशावळीच्या पद्धतीत लाखो जागा तपासल्या जातात आणि दोन माणसांत डीएनएचे किती लांबीचे तुकडे सामाईक आहेत हे मोजतात. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत साधारण साडेबारा टक्के सामाईक असते. पणजोबा एक असतील तर तीन टक्क्यांच्या आसपास, खापरपणजोबा एक असतील तर एक टक्क्याहूनही कमी. तरी तेवढेही पुरते. अमेरिकेत हौसेने आपला डीएनए तपासून घेणारे लाखो लोक आहेत. त्यांतले काही आपला अहवाल जेडमॅचसारख्या खुल्या संचात टाकतात. तिथे एखादा दूरचा नातेवाईक जुळला, की त्याच्या खापरपणजोबापर्यंत वर जायचे आणि मग प्रत्येक फांदीने खाली यायचे. जनगणना, लग्नाच्या नोंदी, मृत्यूच्या बातम्या चाळायच्या. चाचणी प्रयोगशाळेत होते, पण पुढचे काम दप्तरखान्यातले असते.

आपल्याकडे या कामाला जुना शब्द आहे, शजरा. अरबीत शजर म्हणजे झाड. पण शजरा कोणाचा लिहिला जाई? ज्याच्याकडे वारशाने देण्यासारखे काही होते त्याचा. वतनाचा तंटा लागला की देशमुख-पाटील वंशावळ पुढे करत, दर्ग्याच्या गादीसाठी शजरा दाखवला जाई. इथे मात्र तीच विद्या अशा मुलासाठी वापरली गेली, ज्याच्याकडे अंगावर कपडासुद्धा नव्हता.

२०१९ मध्ये कबर पुन्हा उघडली गेली. साठ वर्षांत डीएनएचे इतके बारीक तुकडे झाले होते, की तो तपासण्याजोगा करण्यातच सुमारे अडीच वर्षे गेली. कॉलीन फिट्झपॅट्रिक या वंशावळतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आईकडचे नातेवाईक जुळले, त्यावरून आई कोण असावी हे कळले. मग पोलिसांनी न्यायालयाच्या आदेशाने तिच्या मुलांच्या जन्मनोंदी मागवल्या. त्यात एका मुलाचा दाखला होता, त्यावर बापाचेही नाव होते. बापाकडच्या नातेवाइकांवरून ते पक्के झाले. ८ डिसेंबर २०२२ रोजी पोलिसांनी नाव जाहीर केले. जोसेफ ऑगस्टस झारेली, जन्म १३ जानेवारी १९५३. म्हणजे मरताना तो चार वर्षांचा होता.

आईवडील दोघेही तोवर वारले होते, पण दोन्हीकडची भावंडे हयात होती. पोलिसांनी त्यांची नावे सांगितली नाहीत, ते योग्यच केले. ज्याला सारा देश बेवारस समजत होता त्याला सख्खे वारस होते, जन्माचा दाखला सरकारी कपाटात होता. कमी होते ते एवढेच, की दाखला आणि कबर यांना जोडणारा माणूस बोलला नाही. खून कोणी केला, हे शजऱ्यातून कळत नाही. तो तपास पोलिसांनी उघडा ठेवला आहे.

या विद्येला मर्यादाही आहेत. या संचांत बहुतेक लोक युरोपीय वंशाचे आहेत, म्हणून अमेरिकेतही काळ्या किंवा आशियाई माणसाच्या मृतदेहाचे गोत सापडायला जास्त कष्ट पडतात. शिवाय एकाने आपला डीएनए दिला की न विचारता त्याचे सारे भाऊबंदही त्यात ओढले जातात. २०१८ मध्ये याच मार्गाने कॅलिफोर्नियात एक जुना खुनी पकडला गेला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. पुढच्या वर्षीपासून जेडमॅचने पोलिसांना फक्त संमती दिलेल्यांच्या अहवालांशी पडताळणी करू देण्याचा नियम केला. मेलेल्याचे नाव शोधायला ही संमती द्यावी, असे मला वाटते. पण ती मागून घ्यावी, गृहीत धरू नये.

जानेवारी २०२३ मध्ये, जोसेफच्या सत्तराव्या वाढदिवशी, आयव्ही हिलमधल्या दगडावर त्याचे नाव आले. वर्गात बेवारस शब्द आला की मी आता अर्थात थोडी भर घालतो. वारस नाही असा नव्हे. ज्याच्या वारसांपर्यंत अजून कोणी पोचलेले नाही, किंवा ज्याचे वारस गप्प आहेत, तो.