वरच्या मजल्यावरची ‘इटली’

* ही ‘इटली’ नकाशावरची नव्हे. फ्रँक मॅकोर्ट यांच्या ‘अँजेलाज ॲशेस’ (१९९६) या आत्मकथनात आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या रोडन लेनमधलं त्यांचं घर येतं. सगळ्या गल्लीचा एकच संडास, तोही यांच्या दाराला लागून. पावसाचं पाणी तळमजल्यात शिरलं की बिऱ्हाड वर हलायचं. वरची खोली कोरडी, ऊबदार, म्हणून वडिलांनी तिचं नाव इटली ठेवलं. बेकारभत्ता दारूत घालवणारा हाच बाप; तोवर तीन लेकरं पुरलेला. निवेदक पोर मात्र तक्रार करत नाही, नाव सरळ मान्य करून टाकतं. माझ्या मते पुस्तकातला सगळा विनोद या मान्य करण्यात आहे. वाचकांनी इथे संकोच न करता हसावं.