वाळवंटातला उन्हाळा : पाणी कुणी बांधलं, कुणी वाहिलं

१९ मे २०१६ या दिवशी राजस्थानातल्या फलोदी गावात पारा ५१ अंशांवर गेला. भारताच्या हवामान खात्याच्या दप्तरी एवढं तापमान त्याआधी कधी नोंदलं गेलं नव्हतं. त्या दिवशी पेपरात, टीव्हीवर फलोदी झळकलं. पण फलोदी काही त्या दिवशी वसलेलं नाही. त्या वाळूत माणसं शेकडो वर्षं राहताहेत, लेकरं वाढवताहेत, गाईगुरं राखताहेत. पंखा नव्हता, बर्फ नव्हता, नळ तर नव्हताच. मग ती जगली कशी, हे आज बघू या.

हा भाग म्हणजे थरचं वाळवंट. जैसलमेर, बाडमेर, बिकानेर, जोधपूर. आपल्याकडे ‘मारवाडी’ म्हटलं की बाजारपेठेतलं दुकान डोळ्यांसमोर येतं, पण त्या शब्दातला मारवाड म्हणजे जोधपूरच्या आसपासचा हाच रखरखीत मुलूख. पाऊस किती? जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरसुद्धा धड नाही. आपण आपल्या भागाला दुष्काळी म्हणतो, पण आपला वाईट पाऊससुद्धा तिकडे चांगला ठरेल.

उन्हाळ्याचंही तिथं एक गणित आहे. वाळवंटातली हवा कोरडी असते. कोकणात घाम अंगावर चिकटून बसतो, इथं तो आला कधी आणि उडून गेला कधी कळतच नाही. घाम उडतो म्हणून अंग थंड राहतं, पण तेवढंच पाणी शरीरातून जातं, आणि ते परत भरलं नाही तर माणूस कोसळतो. लू म्हणजे तिथला तापलेला पश्चिमेचा वारा, तो तर अंगातलं पाणी ओढूनच घेतो. म्हणजे तिथं उन्हाचा प्रश्न फिरून फिरून पाण्यावरच येतो. आणि पाणी म्हटलं की बाईवर येतो.

आधी घरं बघू. जैसलमेर ११५६ साली रावळ जैसल यानं वसवलं. पिवळ्या दगडाचं हे शहर. भिंती जाड, म्हणजे दिवसाचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या घरांची सावली एकमेकांवर पडते. खिडक्यांना दगडात कोरलेली जाळी. आपण ती नक्षी म्हणून बघतो, पण बारीक भोकांतून वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहतं. रात्री सगळं घर गच्चीवर झोपायला, कारण वाळू जशी लवकर तापते तशी लवकर निवतेही. हे सगळं खरं, पण हवेल्या होत्या व्यापाऱ्यांच्या. बाकीची माणसं झोंप्यात राहत. झोंपा म्हणजे मातीची गोल भिंत आणि वर गवताचं, बाजरीच्या काडाचं टोकदार छप्पर. गोल घराला वादळाचा वारा अडत नाही, बाजूनं निघून जातो. मातीची भिंत आणि जाड छप्पर ऊन आत येऊ देत नाही. हवेली बांधणाऱ्या कारागिरांचं कौतुक पुस्तकांत भरपूर आहे. झोंपा दर वर्षी शेणामातीनं लिंपून उभा ठेवणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. जाळीच्या झरोक्यातही एक गोम आहे, तीही सांगून टाकते. तिथून वारा येई हे खरं, पण घरातल्या बायकांनी बाहेर दिसू नये हाही त्या जाळीचा हेतू होता. घुंगटाचंही तसंच. डोक्यावरून घेतलेली ओढणी उन्हापासून, उडत्या रेतीपासून वाचवते, म्हणून तर तिथले पुरुषही मोठे फेटे बांधतात. पण सासऱ्यासमोर तोंड झाकायचं ते काही उन्हासाठी नव्हे.

आता पाणी. जमिनीतलं पाणी बहुतेक ठिकाणी खूप खोल, आणि लागलं तर खारट. म्हणून पावसाचा थेंब पडेल तिथंच धरायचा. घराजवळ जमिनीत गोल टाकं खणायचं, आतून चुन्यानं गिलावा करायचा, वरून झाकायचं. त्याला टांका म्हणतात. टाक्याभोवती मोठं अंगण असतं, मधल्या टाक्याकडे उतरतं केलेलं, त्याचं नाव आगोर. पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून लख्ख करायचं, मग तिथं कुणी चपला घालून जायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. पाऊस आला की सगळं पाणी घरंगळत टाक्यात. आत अंधार, थंडावा, त्यामुळे पाणी उडून जात नाही आणि महिनोन्‌महिने टिकतं.

जैसलमेर-बाडमेरकडे आणखी एक नवल आहे, कुंई. काही ठिकाणी वाळूच्या खाली खडूसारख्या दगडाचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि त्या थरावर अडतं. खालच्या खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाही, वाळूत ओल बनून राहतं. त्या ओलीपर्यंत अगदी अरुंद विहीर खणायची, मग थेंबथेंब पाणी झिरपून दिवसाला दोन-तीन घागरी मिळतात. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या हिंदी पुस्तकात कुंई खणण्याचं वर्णन केलंय. विहीर इतकी अरुंद की कुदळ फिरवायला जागा नाही. माणूस उकिडवा बसून छोट्या हत्यारानं खणतो, आत जीव घुसमटतो. तेव्हा वर उभी असलेली माणसं मुठीमुठीनं वाळू खाली टाकतात. का? तर त्या वाळूबरोबर वरची ताजी हवा खाली जाते आणि आतली गरम हवा वर येते. डोक्याला लागू नये म्हणून खाली बसलेल्यानं धातूचं टोपणासारखं काहीतरी घातलेलं असतं. मला या सगळ्या इतिहासातलं हे मूठभर वाळूचं तंत्र फार आवडतं.

मोठे तलाव मात्र राजांच्या नावावर. पण नीट बघितलं तर तिथंही बायका सापडतात. जोधपूरचा किल्ला १४५९ साली राव जोधा यानं बांधायला घेतला, आणि किल्ल्याखालचा राणीसर तलाव त्याच्या राणीनं, जसमादे हाडीनं, बांधवला. जैसलमेरचा गडीसर तलाव चौदाव्या शतकातला, महारावळ गडसीच्या नावाचा. काम चालू असतानाच राजाची हत्या झाली. राणी विमला सती गेली नाही, तिनं तलाव पुरा केला, अशी हकिगत अनुपम मिश्र सांगतात. त्याच तलावाच्या वाटेवर एक देखणी कमान आहे, टीलों की पोळ. ती टीलों नावाच्या गणिकेनं बांधवली असं सांगतात. राजघराण्याच्या बायका म्हणे हिच्या कमानीखालून पाण्याला कसं जायचं म्हणून नाराज झाल्या, तर टीलोंनं कमानीवर कृष्णाचं मंदिर बसवलं. आता देवाला कोण पाडणार? दंतकथा असेल, पण एका गणिकेनं आपलं नाव पाण्याच्या वाटेवर ठेवलं आणि ते टिकलं.

जोधपूरचीच आणखी एक गोष्ट आहे आणि ती जोडीनं सांगायला हवी. महाराजा अभयसिंह याच्या राणीनं १७४०च्या दशकात शहरात एक मोठी पायऱ्यांची विहीर बांधवली, तूरजी का झालरा. लाल दगडाच्या पायऱ्या खाली उतरत जातात, पाणी कितीही खाली गेलं तरी घागर घेऊन पोचता येतं. याच अभयसिंहाच्या माणसांनी त्याआधी, १७३० साली, चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड हवं म्हणून खेजडली गावी झाडं तोडायला घेतली होती. गाव बिश्नोई लोकांचं. अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. तिच्या पाठोपाठ तिच्या तीन मुली, आणि मग आजूबाजूच्या गावांतली माणसं. ३६३ जीव गेले. चुना राजाच्या बांधकामाला हवा होता.

एका झाडासाठी एवढं? खेजडी म्हणजे आपली शमी. जेठ महिन्यात वाळवंटात सगळं वाळून जातं तेव्हा ही हिरवी असते, कारण तिची मुळं फार खोल जातात. भर दुपारी माणसाला, गुराला सावली तिचीच. तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना. त्या शेंगांचं नाव सांगरी. कोवळ्या असताना तोडून, उकडून, वाळवून ठेवायच्या, म्हणजे वर्षभर भाजी. तिच्याखाली बाजरीही चांगली येते. आपण शमीची दसऱ्याला पूजा करतो, तिकडच्या बायकांना ती रोजच्या ताटात लागते.

ताटाचं आलंय तर थोडं थांबू. बाजरीचं पीठ ताकात कालवून, शिजवून, आंबवून राबडी करतात. सकाळी ती आणि कांदा खाऊन माणूस बाहेर पडतो. पाणी, मीठ आणि दमदार अन्न एकाच वाडग्यात. होळीनंतर आठवड्याभरात शीतलामातेचा सण येतो. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड जेवायचं. आपल्याकडेही शिळासप्तमी आहे, पण ती श्रावणात. मारवाडात ती उन्हाळ्याच्या तोंडावर पडते. वर्षातला एक दिवस तरी बाई चुलीपुढून उठते, हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण ४५ अंशांत चुलीसमोर बसणं म्हणजे काय हे कुठल्याच राजाच्या बखरीत येत नाही.

मग येते आखा तीज, आपली अक्षय तृतीया. खानदेशात आखाजीला घागर भरतात, पाणी दान करतात. तिकडे बिकानेरला नवे मटके आणतात, खिचडा रांधतात आणि चिंचेचं गोड-आंबट पाणी पितात. सण एकच, आणि दोन्हीकडे त्याच्या मध्यभागी मातीचं भांडं. त्याच तीजेला तिकडे लहान लहान मुलींची लग्नंही लागत. १९२९ साली बालविवाह रोखणारा कायदा झाला, तो ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते हरबिलास सारडा अजमेरचेच. सासरी गेलेल्या त्या मुलीचं पहिलं काम काय असणार? पाणी. एकावर एक घागरी, पायाखाली तापलेली वाळू. पणिहारी म्हणून राजस्थानी चित्रांत, गाण्यांत ती फार सुंदर दिसते. तिच्या मानेचं, पोटातल्या बाळाचं काय होत असेल ते चित्रात दिसत नाही.

आणि त्या पाण्यावर सगळ्यांचा हक्कही नव्हता. सवर्णांच्या विहिरीवर दलित बाईनं दोर टाकायचा नाही, कुणी वरून ओतलं तर न्यायचं. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो प्रश्न हाच होता. वाळवंटातल्या पाण्याच्या शहाणपणाचं कौतुक करताना हे गाळलं तर ते कौतुक अर्धवट राहील.

हे शहाणपण दर वेळी पुरलंही नाही. विक्रम संवत १९५६, म्हणजे आपलं १८९९-१९०० साल. पाऊसच आला नाही. अन्न नाही, पाणी नाही, चारा नाही, म्हणून त्याला त्रिकाळ म्हणतात, आणि लोक अजून ‘छप्पनिया’ म्हणतात. टाकी कोरडी, तलाव कोरडे. माणसांनी खेजडीची साल कुटून पिठात मिसळून खाल्ली. गुरं घेऊन माळव्याकडे, सिंधकडे निघाले, वाटेत किती गेले. जोधपूरचा प्रचंड उमेदभवन राजवाडा १९२९ ते १९४३ या काळात बांधला गेला तोही दुष्काळी काम म्हणून. लोकांना मजुरी मिळाली हे खरं. तेवढ्या दगडांत किती टाकी झाली असती हा हिशेब मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे १९५८ साली राजस्थान कालव्याचं काम सुरू झालं. आज त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात. पंजाबातल्या नद्यांचं पाणी वाळूत आलं, १९८०च्या दशकात ते जैसलमेर जिल्ह्यापर्यंत पोचलं. बायकांची पायपीट कमी झाली, आणि ज्यांनी कधी घागर वाहिली नाही त्यांनी जुनं गेलं म्हणून हळहळू नये. पण नळ आल्यावर कित्येक जुन्या तलावांकडे, विहिरींकडे कुणी बघेना. तूरजीचा झालरा कित्येक वर्षं कचऱ्यानं आणि घाण पाण्यानं भरून पडला होता. अलीकडे तो उपसून साफ केला, आता उन्हाळ्यात पोरं त्यात उड्या मारतात.

घरंही बदलली. गवताच्या छपराजागी पत्रा आणि स्लॅब आले. त्यांना दर वर्षी लिंपावं लागत नाही, पण मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही. विदर्भातल्या मैत्रिणींना डेझर्ट कूलर ठाऊक असेलच. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून वारा घ्यायचा ही जुनीच युक्ती, तिला मोटार लावली. हवा कोरडी असेल तरच तो चालतो, म्हणून नागपुरात सुख देतो आणि रत्नागिरीत नुसता ओलावा. पण त्याला वीज लागते, आणि पाणीही लागतं.

टांके मात्र अजून आहेत. बाडमेरकडे रोजगार हमीच्या कामातूनही ते बांधले गेले, आता चुन्याऐवजी सिमेंटचे. नळाला पाणी आलं नाही तर टँकरवाला याच टांक्यात पाणी ओतून जातो. वर लोखंडी झाकण असतं आणि पुष्कळ ठिकाणी त्याला कुलूप असतं.