वाघाचा हिशेब

पातूरचीं लेणीं पाहण्यापूर्वीं मीं आल्फ्रेड लायल या इंग्रज अधिकाऱ्याचा वऱ्हाडवरील निबंध वाचला होता, हें सांगावयास मला संकोच वाटतो. अकोल्याच्या दक्षिणेस अवघ्या ३० किलोमीटरांवर असलेलें गांव मला लंडनमार्गें परिचित व्हावें, यांत आमच्या शिक्षणाचें सारें वैगुण्य आलें!

तथापि त्या परक्याची दृष्टि सामान्य नव्हती. लायल १८५६ सालीं हिंदुस्थानांत आला, १८६७ सालीं पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर झाला व १८७० सालीं त्याच्या संपादकत्वाखालीं वऱ्हाडचें ग्याझेटियर निघालें. पुढें येथील लोकांच्या धर्माचरणावर त्यानें लिहिलेला निबंध १८८२ च्या 'एशियाटिक स्टडीज' या ग्रंथांत आहे. पोथींतला धर्म बाजूस ठेवून तो खेड्याच्या शिवेवर उभा राहिला. दगडधोंड्यांपासून थोर देवतांपर्यंत उपासनेचे अकरा प्रकार त्यानें मांडले. त्यांत एक भीतिप्रद प्राण्यांच्या पूजेचा, तर एक विलक्षण मरण आलेल्या माणसांच्या पूजेचा आहे. येथें देव अद्यापि घडत आहेत, हा त्याचा मुख्य सिद्धान्त.

ही यादी प्रत्यक्षाशीं ताडून पाहावी. पातुरास डोंगरांत लेणीं आहेत, गांवांत शेख बाबूंचा दर्गा आहे आणि तेथें हिंदूही नवस बोलतात. भीतिप्रद प्राण्याचा देव पाहावयाचा तर उत्तरेस मेळघाटांत जावें. तेथें कोरकू लोक वाघदेवास पूजतात.

ज्यास रानांत पूजा, त्याच्याच शिरावर कचेरींत बक्षीस! हिंस्र जनावरें मारणारास सरकार त्या काळीं रोख रक्कम देत असे. वाघाचे हे दोन हिशेब दाखवून आपण साहेबास दोष देतों व मोकळे होतों. परंतु तिसराही एक हिशेब आहे आणि तो आपला आहे. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीनें वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली. पडीक रानें नांगराखालीं आलीं. वाघाची वसति बंदुकीप्रमाणेंच नांगरानेंही मोडली. त्या कापसावर वाडे उठले, त्या वाड्यांतील मुलें कॉलेजांत गेलीं. आम्ही त्यांचेच वंशज.

पुढें १९७४ सालीं मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, १९८८ सालीं काटेपूर्णा अभयारण्य झालें. २०१९ सालीं टिपेश्वरच्या रानांतून निघालेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालून, शेतें ओलांडीत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. लायल या प्रांतांत नवखा होता; आतां वाघच आपल्या जुन्या रानांत नवखा झाला आहे. त्यास परका करणारांत माझेंही घराणें आहे. तें शोधावयास मात्र मला लंडनचें पुस्तक उघडावें लागत नाहीं.