वॉशिंग मशीनची जागा निचरा ठरवतो

वॉशिंग मशीन बाथरूममधून ड्राय बाल्कनीत हलवायचं ठरलं की आधी टेप लागते ती रुंदीला. 60 सेंटीमीटर मावले, की झालं काम, असं आपण धरून चालतो. माझ्या मते मोजणी निचऱ्यापासून सुरू व्हावी. वायर भिंतीतून कुठेही नेता येते, नळाची लाइन वाढवता येते. सांडपाण्याला मात्र उतार लागतो.

इथे मशीनचा प्रकार निर्णायक ठरतो. फ्रंट लोडमध्ये पंप असतो. त्याच्या नळीचं टोक जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटीमीटरवर अडकवावं लागतं. ते खाली सोडलं तर सायफन होऊन भरतं पाणी तसंच वाहून जातं. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोडमध्ये पंपच नसतो. त्यांची नळी जमिनीलगत हवी. बाल्कनीच्या उंबऱ्यावरून चढवली की पाणी टबात तुंबलंच.

मग बाल्कनीतला पाइप कसला, ते पाहावं. तो निव्वळ पावसाच्या पाण्याचा असेल, तर साबणाचं पाणी त्यात सोडणं चूकच. ते शुद्धीकरणाविना नाल्याला मिळू शकतं. न्हाणी ट्रॅप असलेली सांडपाण्याची लाइनच हवी.

दाबाचं गणित सोपं आहे. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक बार दाब देतं. काही मशिनांना किमान अर्धा बार लागतो, म्हणजे टाकी नळाच्या पाच मीटर वर हवी. गच्चीखालच्या मजल्यावर ती उंची बहुधा मिळत नाही. तिथे प्रेशर पंप लागतो. विजेसाठी 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि खरं अर्थिंग असावं. पाणी गरम करताना मशीन 2000 वॉटच्या आसपास खेचतं. एक्स्टेन्शन बोर्डवर ते कधीही लावू नये.

हलवण्यापूर्वी खालचा फिल्टर उघडून उरलेलं पाणी काढावं. फ्रंट लोडचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो, म्हणून उंबरे ओलांडताना मागचे ट्रान्झिट बोल्ट परत बसवलेले बरे. चालू करण्याआधी ते काढायलाच हवेत.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते समतोलाकडे. ड्रमची त्रिज्या 24 सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला 1200 फेरे धरला, तर कडेवरचं त्वरण गुरुत्वाच्या जवळजवळ 390 पट होतं. एका बाजूला 200 ग्रॅम ओला कपडा जास्त साचला, की सुमारे 77 किलो वजनाइतकं बळ सेकंदाला वीस वेळा दिशा बदलत फिरतं. बाल्कनीची फरशी ट्रॅपकडे उतरती असते, त्यामुळे बाथरूममध्ये जुळवलेले पाय इथे चालत नाहीत. चाकांचा स्टँड मला अजिबात पसंत नाही. मशीनच्या माथ्यावर पाणसळ ठेवून पाय एकेक करून फिरवावेत, कोपरे आळीपाळीने दाबून डुगडुगत नाही ना ते बघावं, आणि मगच लॉकनट आवळावेत.