नाडी कोणाची, कोणत्या वयाची

मनगटावर बोटं ठेवा आणि मिनिटाला 6 या बेताने सावकाश श्वास घ्या. श्वास आत जाताना नाडी किंचित घाई करते, सोडताना रेंगाळते. विशीतल्या पोराच्या मनगटावर हा फरक नुसत्या बोटांना कळतो. त्याच्या आजोबांच्या मनगटावर तो शोधावा लागतो. आणि तरीही दोघांची नाडी मोजली तर दोन्हीकडे मिनिटाला 72च भरू शकते. हृदयगतीच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्याने सुरुवात या विसंगतीपासून करावी.

हृदयाला स्वतःचा ठेका असतो. त्याचं उगमस्थान, म्हणजे उजव्या अलिंदातली सायनस गाठ, कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 साली दाखवलं. त्या ठेक्यावर मेंदूची हुकमत दोन वाटांनी चालते: अनुकंपी चेतातंतू त्याला हाकतात, व्हेगस ही परानुकंपी चेता कासरा ओढून धरते. वेबर बंधूंनी 1845 मध्ये व्हेगसला विजेचा झटका दिला तेव्हा हृदय चक्क थांबलं. पुढे 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी व्हेगस चेतवून मंदावलेल्या एका बेडकाच्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं आणि तेही मंदावलं. चेता हृदयाशी रसायनातून बोलते हे त्यातून सिद्ध झालं.

आता पुन्हा त्या 72कडे. औषधांनी दोन्ही वाटा बंद केल्या तर हृदय आपल्या मूळ गतीने चालतं. होझे आणि कॉलिसन यांनी 1970 मध्ये या मूळ गतीचं सूत्र दिलं: 118.1मधून वयाची 0.57 पट वजा करा. विसाव्या वर्षी ती सुमारे 107 येते, सत्तराव्या वर्षी 78. म्हणजे पोराची नाडी व्हेगसने पस्तीसएक ठोक्यांनी मागे खेचलेली आहे, आजोबांची जेमतेम सहा. आकडा एकच, पण त्यामागचा कारभार निराळा. मला विचाराल तर या शास्त्राची सगळी गंमत या एका वजाबाकीत आहे.

वयाबरोबर व्हेगसचा जोर ओसरतो, रक्तवाहिन्यांकडे जाणारे अनुकंपी संदेश वाढतात, पण हृदय त्यांना पूर्वीइतकं जुमानत नाही. रक्तदाब घसरला की नाडी लगेच वाढवणारी प्रतिक्षिप्त क्रियाही सुस्तावते. कीर्तनात दोन तास मांडी घालून बसलेले आजोबा झटकन उठले की खांब धरतात, त्यामागे बहुधा हीच सुस्ती असते.

स्त्री-पुरुष भेद याहून कोड्यात टाकतो. तरुण बाईची नाडी पुरुषापेक्षा थोडी जलद, तेव्हा व्हेगस कमजोर असेल असं वाटावं. पण केनिग आणि थेअर यांनी 2016 मध्ये जगभरातली मोजमापं एकत्र केली, तर श्वासाबरोबर होणारी नाडीची चढउतार, म्हणजे व्हेगसचीच खूण, बायकांत जास्त आढळली. तरुणपणी त्यांच्या रक्तवाहिन्यांकडे जाणारे अनुकंपी संदेशही पुरुषांपेक्षा कमी असतात. पन्नाशीच्या आसपास, पाळी गेल्यावर, हे अंतर मिटत जातं. यात अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा मोठा वाटा मानला जातो.

आणि इथेच हा विषय घाटनांदूरच्या शिवारात येतो. अंबाजोगाई तालुक्यातलं हे गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तिथून दरवर्षी दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या कोयता घेऊन बाहेर पडतात. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ‘पिशवी काढली’ एवढंच बाई सांगते. अंडाशय ठेवले की काढले, हे पुष्कळदा तिलाच कोणी सांगितलेलं नसतं. हृदयाच्या दृष्टीने मात्र प्रश्न तोच आहे. अंडाशय शाबूत असतील तर इस्ट्रोजेन काही काळ मिळत राहतं. दोन्ही काढले तर ते काही दिवसांतच घसरतं. इटलीत मेर्कुरो आणि सहकाऱ्यांनी 2000 साली अशा शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर नाडीची चढउतार मोजली. शस्त्रक्रियेनंतर तोल अनुकंपी बाजूला झुकला होता. इस्ट्रोजेन दिल्यावर तो बराचसा सावरला.

मग अंडाशय काढलेल्या पस्तिशीतल्या बाईच्या नाडीचा आलेख पस्तिशीच्या वयोगटाच्या कोष्टकाशी ताडून काय हाती लागणार? ती कोष्टकं तिच्यासारख्या बायकांना समोर ठेवून तयार झालेली नाहीत. अशा बायकांची मोजमापं वेगळी घ्यायला हवीत, आणि त्यासाठी महागडी यंत्रंही नकोत. संथ श्वासाच्या चाचणीला ईसीजी आणि घड्याळ पुरतं: श्वास घेतानाची सर्वांत जलद गती आणि सोडतानाची सर्वांत संथ गती यांत 15 ठोक्यांचा फरक पडला तर ठीक, 10च्या आत आला तर शंका घ्यावी, असं जुनं मोजमाप आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलामुलींना हे सहज करता येईल.

फक्त केसपेपरवर वयाशेजारी पाळी कधी गेली, अंडाशय आहेत का, हिमोग्लोबिन किती, हेही लिहावं. रक्त कमी असलं तरी नाडी धावते. आणि डोक्यावरची मोळी नुकतीच उतरवून आलेल्या बाईला आधी पाणी द्यावं, पंधरा-वीस मिनिटं आडवं होऊ द्यावं. नाही तर आलेखावर व्हेगस नव्हे, तिची त्या दिवसाची दमछाकच उमटेल.