स्क्विड : शाई, बोरू आणि एका शब्दाचा प्रवास

‘स्क्विड गेम’ या दक्षिण कोरियाच्या मालिकेमुळे २०२१ नंतर ‘स्क्विड’ हा शब्द भारतात सर्वतोमुखी झाला. मालिकेचे नाव कोरियन मुलांच्या एका जुन्या खेळावरून घेतलेले आहे. त्यासाठी जमिनीवर आखली जाणारी आकृती या जलचरासारखी दिसते. कोकणच्या मासळी बाजारात मात्र हा जीव माकुल किंवा म्हाकुल, तर गोव्यात माणकी या नावाने पूर्वापार परिचित आहे. मासळीसोबत विकला जात असला तरी तो मासा नव्हे. शिंपले व गोगलगायी ज्यात मोडतात त्या मृदुकाय संघातील तो प्राणी होय.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही. संकटसमयी हा प्राणी शाईसारखा द्रव सोडतो. त्यामुळे पिचकारी उडणे या अर्थाच्या ‘स्क्वर्ट’ शब्दाचे हे खलाशांच्या तोंडी झालेले रूप असावे, असा एक तर्क आहे. तो पटण्याजोगा असला, तरी तर्कच.

उपाहारगृहांतील ‘कॅलमारी’ या इटालियन वळणाच्या नावाची वंशावळ अधिक स्पष्ट आणि मराठी वाचकांस जवळची आहे. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू. त्यावरून लॅटिनमध्ये लेखणी ठेवण्याच्या पेटीचे नाव तयार झाले आणि पुढे ते या प्राण्याला मिळाले. त्याच्या शरीरात शाईची पिशवी असते आणि टाकाच्या आकाराचे पातळ, पारदर्शक अंतःकवचही असते. तोच ग्रीक शब्द अरबी व फारसीमार्गे ‘कलम’ होऊन मराठीत रुजला. कलमदान आणि कॅलमारी ही अशी दूरची भावंडे ठरतात.

भौतिकशास्त्रातील ‘स्क्विड’चा या प्राण्याशी संबंध नाही. अतिवाहकतेवर चालणाऱ्या एका उपकरणाच्या लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. १९६४ मध्ये अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत हे उपकरण प्रथम साकारले. मेंदूतील अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रेही ते टिपते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या तीन नळ्यांच्या पाणबुडीविरोधी तोफेलाही हेच नाव होते.

कँटोनीज भाषेत ‘स्क्विड तळणे’ म्हणजे नोकरीवरून काढून टाकणे. तव्यावर पडताच त्याचे तुकडे गुंडाळले जातात. पूर्वी काम सुटलेला मजूर आपली वळकटी अशीच गुंडाळून निघत असे.