कार्यप्रणालीचे स्थित्यंतर आणि जुन्या आज्ञावली

संगणकावरील जुनी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, जाऊन तिच्या जागी नवी आली असता पूर्वी बसविलेल्या आज्ञावली चालू राहतात की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ यंत्रविद्येचा वाटतो. परंतु काही मजकूर असा असतो की, ज्या आज्ञावलीत तो लिहिला तिच्यावाचून तो वाचताच येत नाही. तेथे आज्ञावली गेली की मजकूरही गेल्यासारखाच होतो. म्हणून या प्रश्नाच्या इतिहासातील काही ठळक टप्पे भाषेच्या अभ्यासकानेही पाहावयास हवेत.

पहिला टप्पा १९६४ चा. त्या वर्षीच्या ७ एप्रिल रोजी आयबीएम कंपनीने सिस्टीम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. लहानमोठ्या यंत्रांवर एकच आज्ञासंच चालावा, हा तिचा हेतू होता. परंतु याच कंपनीच्या १९५९ मधील १४०१ या अत्यंत लोकप्रिय यंत्राशी तिची रचना जुळत नव्हती. हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने तर डिसेंबर १९६३ मध्येच २०० हे यंत्र जाहीर केले होते, आणि १४०१ च्या आज्ञावली त्यावर उतरवून देणारे ‘लिबरेटर’ नावाचे साधन पुढे केले होते. ग्राहकाचे खरे भांडवल यंत्रात नसून त्याने तयार करविलेल्या आज्ञावलींत गुंतलेले असते, हे यावरून उघड झाले. आयबीएमनेही ३६० मालिकेतील लहान यंत्रांत १४०१ चे अनुकरण करण्याची सोय ठेवली.

येथे बदलत होते ते यंत्र. वैयक्तिक संगणकाच्या काळात यंत्र तेच राहून कार्यप्रणाली बदलू लागली. २४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्टची विंडोज ९५ बाजारात आली, तेव्हा डॉस व विंडोज ३.१ यांवरील आज्ञावली तिच्यावर चालाव्यात यासाठी फार परिश्रम घेण्यात आले होते. सिमसिटी या खेळाचे उदाहरण बोलके आहे. एकदा परत केलेली स्मृती हा खेळ पुन्हा वाचीत असे. नियमाने हा दोषच होय. तथापि जुन्या प्रणालीत तो झाकून राहिला. विंडोज ९५ मध्ये तो उघडा पडताच, सिमसिटी चालू आहे काय हे ओळखून त्याच्यापुरती परत आलेली स्मृती लगेच दुसऱ्या कामास न देण्याची व्यवस्था करण्यात आली.

आवृत्तीच्या क्रमांकाचेही असेच झाले. विंडोज ९५ चा क्रमांक ४.० होता, परंतु १६-बिटी आज्ञावलींनी विचारल्यास ती ३.९५ असे सांगे. आपणांस ३.१० अथवा त्यापुढील प्रणाली मिळाली आहे की नाही, हे तपासताना काही आज्ञावली दशांशचिन्हानंतरचाच भाग पाहत. ४.० मधील शून्य पाहून त्या नव्या प्रणालीस जुनी समजल्या असत्या! भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, प्रसिद्ध केलेले नियम हे प्रणालीचे व्याकरण आणि आज्ञावलींचे प्रत्यक्ष वर्तन ही रूढी होय. शास्त्राहून रूढी बलवान ठरते, हा अनुभव येथेही आला.

आज्ञावली नव्या प्रणालीस मानवली तरी तिची मांडणी टिकविण्याचा प्रश्न निराळाच राहतो. विंडोजवरील आज्ञावली सहसा एकाच फोल्डरमध्ये सामावलेली नसते. तिच्या नोंदी रजिस्ट्रीत असतात व काही सामायिक घटक प्रणालीच्या फोल्डरमध्ये. म्हणून केवळ फोल्डरची नक्कल करून भागत नाही. या साऱ्या नोंदी नव्या प्रणालीत वाहून न्याव्या लागतात. ‘अपग्रेड’ या शब्दाचा येथील खरा अर्थ हाच. ही वाट मात्र नेहमी मोकळी नव्हती. २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ वर व्हिस्टावरून आज्ञावलींसह जाता येई, एक्सपीवरून येत नसे. एक्सपीच्या वापरकर्त्यांना सर्व आज्ञावली पुन्हा बसवाव्या लागल्या. विंडोज ७ च्या वरच्या आवृत्त्यांत मात्र ‘एक्सपी मोड’ या नावाने, नव्या प्रणालीच्या पोटात जुनी प्रणाली चालविण्याची सोय देण्यात आली. पुढे २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ने ७ व ८.१ वरून आज्ञावलींसह येण्याची वाट खुली ठेवली.

तरीही या औदार्यास मर्यादा होतीच. ६४-बिटी विंडोज १६-बिटी आज्ञावली चालवीत नाही, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४-बिटी आहे. सिमसिटीसाठी १९९५ मध्ये केलेली सोय त्यामुळे आता निरुपयोगी ठरली आहे.

मराठीच्या दृष्टीने ही मर्यादा क्षुल्लक नव्हे. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. तत्पूर्वी, आणि नंतरही पुष्कळ काळ, मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टच्या स्वतंत्र संकेतांत साठविला जात असे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत अशा एका आज्ञावलीत बोलीतील शब्दांची यादी केली होती. काही वर्षांनी नव्या संगणकावर ती उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गुंता उमटला. फाइल शाबूत होती, तिची एकही खूण पुसली गेली नव्हती. परंतु ती वाचणारी आज्ञावली नव्या प्रणालीवर चालत नव्हती. ज्या वृद्धांकडून ते शब्द मिळविले होते, त्यांतील कित्येक तोवर हयात नव्हते.

तात्पर्य, प्रणाली बदलण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी, आज्ञावलींच्या मूळ प्रती व परवाना-क्रमांक जपून ठेवावेत, हे तर योग्यच. परंतु त्याहून निकडीचे काम निराळे आहे. जुन्या आज्ञावलीत अडकलेला मजकूर, ती आज्ञावली चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये उतरवून घेतला पाहिजे. आपल्या विभागांतील शब्दसंग्रह, प्रबंध आणि क्षेत्रकार्याची टिपणे यांपैकी कोणती अद्याप जुन्या संकेतांत पडून आहेत, याची यादी करण्यापासून या कामास आरंभ करता येईल.